अर्धा एडका आणि डावा कान

अपेक्षा : थांबा, थांबा! आवाज मी अजून सोडलाच नाही, आणि स्क्रीनवर लाटा बघा केवढ्या उठल्यात.

बजाबाई : बघा! म्हंजी ऐकू येतंय ह्यास्नी. लिवा तसं.

अपेक्षा : मावशी, आवाज बंद आहे. काय ऐकू येणार?

बजाबाई : ते मला काय म्हाईत? मिशीन तुमचं.

अपेक्षा : कानात आवाज गेला की मेंदूत बारीकशी लाट उठते, ती हे मशीन पकडतं. ही मेंदूची नाहीच, जबड्याची आहे. सिदूकाका, दात का खाताय?

सिदू : समोर वैनी बसलीया की.

बजाबाई : मी काय केलं? गुमान बसलीया.

सिदू : तू गुमान बसलीस की जास्त भ्या वाटतंय. म्याडम, हिला भाईर काडा.

बजाबाई : मी हितनं हलत न्हाय! सांगोल्यासनं येष्टीत उबी राहून आलीया, ती काय भाईरचं बाकडं बगाया? माज्यामागं तुमी लिवून द्याल, कान गेला म्हनून. हवालदार म्हनला, कान कायमचा गेला आसंल तर कलम वाडतंय. आमचं मालक आत जात्याल, ह्यांच्या एका कानापायी!

सिदू : एकच वाजवली म्हनून एक. दादा दुसऱ्या कानाकडं वळलाच व्हता, एडक्यानं मागनं ढुशी दिली म्हनून ह्यो वाचला.

अपेक्षा : एडका कुठनं आला मधी?

बजाबाई : सांगा की भावजी, सांगा! काय केलंत त्याचं? मेंढरांच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी भादरला वो म्याडम. निम्मा. नाकापासनं शेपटापातूर एकच बाजू.

अपेक्षा : निम्माच का?

सिदू : निम्मा माजा हाय. वाटनीत ठरलंय. दादानं न्हेताना मला इचारलं का? त्याचा निम्मा त्यानं न्यावा, माजा मी भादरला.

बजाबाई : तसाच न्हेला मालकांनी. पंच एका बाजूनं बगून गेलं, दुसऱ्या बाजूनं आलं आन म्हनलं, ह्यो दुसरा कुनाचा?

अपेक्षा : काका, हसू नका! मान हलली, वायर सुटली. आज तुमची तिसरी खेप आहे. पहिल्यांदा गालात तंबाखू, मागच्या वेळी डोक्यावर एवढं तेल की वायरी चिकटेनात.

सिदू : तेल हिनंच धाडलं. कान तपासाया निगालाय, डोस्कं थंड ठेवा म्हनून. बाटलीभर!

बजाबाई : माया करायची बी चोरी.

सिदू : कसली माया! वायरी घसराव्यात म्हनून धाडलंस.

बजाबाई : म्याडम, आता आली ती लाट लिवून टाका की. कशाला ताप डोक्याला?

अपेक्षा : एकदा आलेली लाट मी धरत नाही. दोनदा तपासायचं, दोन्ही वेळा तश्शीच आली तर कागदावर चढते. उजव्या कानाची आली, मघाशीच, दोन्ही वेळा सारखी. डाव्याचं तुम्ही दोघं होऊ देत नाही. आता परत बोलवावं लागणार.

सिदू : परत? मेंढरं कोन बगनार?

अपेक्षा : मग ऐका. चांगल्या कानात मी सरसर आवाज सोडते, नळ उघडल्यासारखा. त्या कानानं दुसरं काही ऐकू यायचं नाही. डाव्या कानात ही आवाजाची नळी, डोळ्यांवर हा टॉवेल. मावशी दिसणार नाहीत, ऐकूही येणार नाहीत.

सिदू : एवडं सुख घरात कदी गावलं न्हाय. सोडा.

अपेक्षा : आता कसं! जबडा सैल पडला. डाव्या कानात आवाज सोडला... मावशी, बोटं मोडू नका.

बजाबाई : मोडत न्हाय. काय आलं?

अपेक्षा : काहीच नाही. आवाज वाढवते... अजून वाढवते... ही पहिली रेघ, सपाट. आता दुसरी... तशीच. दोन्ही एकावर एक बसतायत.

बजाबाई : म्हंजी?

अपेक्षा : लाट नाही. त्या कानानं ऐकू येत नाही, मावशी.

बजाबाई : झोपलं आस्तील.

अपेक्षा : पायाचा अंगठा हलतोय बघा. जागे आहेत.

बजाबाई : तुमच्या मिशीनवर माजा इस्वास न्हाय. त्या डाव्या कानातली नळी काडा. मी माज्या पद्धतीनं बगते.

अपेक्षा : काढली. पण शिवी देऊ नका.

बजाबाई : मुडद्या! निम्म्या एडक्याच्या मालका! तुज्या मेंढरास्नी लांडगा लागू दे!... हललं का काय?

अपेक्षा : जबडासुद्धा नाही.

बजाबाई : एरवी एवड्यावर कुऱ्हाड घिऊन धावलं आस्तं वो हे.

अपेक्षा : म्हणूनच सांगते.

बजाबाई : (सिदूच्या डाव्या कानाशी वाकून) भावजी... तुमचा दादा त्या दिसापासनं डाव्या हातानं जेवतोय. म्हनतोय, ह्या उजव्यानं भावाला मारलं, ह्यो आता तोंडाला लावायचा न्हाय. निम्मी भाकर सांडती. मी शिव्या देती, तरी ऐकत न्हाय. चुकलं वो आमचं.

अपेक्षा : मावशी...

बजाबाई : तू गप. काड त्यो टॉवेल. त्यो नळ बी बंद कर.

सिदू : झालं? काय निगालं, म्याडम?

अपेक्षा : दोन्ही वेळा सारखंच आलं. डावा कान गेलाय, काका.

सिदू : मी काय म्हनत व्हतो! आन ही एवडी वाकून काय करत व्हती? गालाला वारा लागला माज्या.

बजाबाई : शिव्या दिल्या.

सिदू : डोळं कशानं भरलं मंग?

बजाबाई : लई घानेरड्या व्हत्या.

सिदू : (उजवा कान पुढं करून) मंग ह्या कानात दे की.