नाकाच्या शेंड्यावरचा फोड

—नाही नाही, नरहरभाऊ, तुमी बसा अगोदर, अन् वहिनींले रिक्षातच राहू द्या, पदर घेतला ना तोंडावर, मंग कोनी पाह्यत नाही. पंचायत समितीतले साहेब अकीलाबीच्या दारी नागीन बांधाले आले, घाटंजीभर बोभाटा होईल — हेच ना तुमचं भेव? अहो, मास्तर आले, वकील आले, एक कंपाउंडर बी आलता — हाव, दवाखान्यातला कंपाउंडर! पंखा? पंखा नाही लागत, लाइन गेली. घ्या, ह्या पुठ्ठ्यानं वारा घ्या — पन हळू जरा, तिकडं आतल्या पडद्याकडं नोका हालवू. तर ही पाहा शाई, हा गेरू. माह्या सासूनं मरताना हात देला मले — नागिनीचं तोंड अन् शेपूट जुळू द्यायचं नाही, दोहींकडून रेघ मारायची, दुवा पढायची. अन् दारात आला त्याले परत पाठवायचं नाही. परत पाठवलं का हात गेला. तीस वर्सांत एक मानूस पाठवला नाही मी, काय समजले?

वहिनींच्या कमरेवर हाये ना? कपाळावर? मंग आधी सांगा ना तसं. उजवीकडं, भुवईच्या वर. फोड कधी दिसले? परवा सकाळी — म्हंजे दोन दिवस तर गेलेच. डोळा लाल हाये का? थोडासा. अन् — थांबा, हे शाई खाली ठेवू द्या मले — नाकाच्या शेंड्यावर फोड हाये का? एक बी? नुसती मान नोका हालवू, तोंडानं सांगा. हाये. या अल्ला.

बांधा म्हनता? कसं बांधू? माहे मिया, शहजाद, पडद्यामागं झोपले हायेत — ओळखता तुमी त्यांले, जिनिंगमधी कापसाच्या गाठी उचलत. एक डोळा गेला त्यांचा. कायनं गेला? गाठीचा हुक लागला, असंच ऐकलं ना? मीच सांगलं सगळ्यांले. खोटं सांगलं. त्यांनी बी तेच सांगलं लोकांले, माह्या हाताचं नाव जाऊ नये म्हनून. ज्या साली कापसाची खरेदी अडून राह्यली, जिनिंग चार महिने बंद, हे मानूस खाटेवर बसून नुसतं छत पाहे — झोप नाही, ताट जसंच्या तसं माघारी. अन् मंग कपाळावर फोड. अन् नाकाच्या शेंड्यावर एक. मी शाई लावली. वीस दिवसांत खपल्या पडल्या, मी मोहल्ल्यात साखर वाटली — पाहा म्हनलं माहा हात! डोळा पांढरा होऊन गेलता तोवर. अन् दुखनं? ते गेलंच नाही. चार वर्सं झाली. जखम नाही, कातडी साफ, अन् माह्या ओढनीचं टोक कपाळाले लागलं तरी लेकरावानी ओरडतेत. पंख्याचा वारा सोसत नाही. मी काय म्हनलं? नाटकं करता म्हनलं. दोन वर्सं म्हनलं, नरहरभाऊ, दोन वर्सं!

मंग यवतमाळच्या डाक्टरीनबाई, कहकशांबाई, त्यांनी समजावलं मले. लहानपनी कांजन्या येतेत, त्यातली बला जातच नाही म्हने, नसेत दडून बसते. अंगातले राखनदार तिले दाबून ठेवतेत. वय झालं, जिवाले घोर लागला, राखनदार थकले, का ते उठते अन् नसेच्या वाटेनं कातडीवर येते. तवा राखनदार धावतेत. तुमी कापसाच्या पऱ्हाटीत डुक्कर घुसल्यावर पाह्यलं ना? डुकराच्या मागं धावता धावता राखनदारच अर्धी पऱ्हाटी तुडवतेत. तशी नस तुडवली गेली यांची — थोडी त्या बलेनं, थोडी आपल्याच मानसांनी. अन् डुक्कर कवाचं पळालं, हे डबे वाजवूनच राह्यले. नाटक नाही अकीलाबी, म्हने, नस खरंच दुखते. नाकाच्या शेंड्याची अन् डोळ्याची नस एकच, म्हने; तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर डोळा बहुतेक वाचला असता. बहुतेक म्हने. त्या एका शब्दानं मले जेवन जात नाही.

तरी शाई लावतेच म्हनता? हाव, लावते! कमरेच्या, पाठीच्या लावते. बऱ्या होतेत — आपोआपच होतेत, मले ठाऊक झालं आता. दार बंद केलं असतं तर लोकांनी पुसलं असतं, काहून बंद केलं? मंग हुकाची गोष्ट उघडी पडली असती. झालं? ऐकलं सगळं? त्यांनी बी ऐकलं असंन — झोपले कुठचे, दुखन्यापाई झोप येते का त्यांले!

उठा आता. नाही, रेघ बी नाही, वहिनींच्या समाधानाले बी नाही. हात गेला तर जाऊ द्या माहा. स्टँडवर यवतमाळची जीप भरून राह्यली असंन, डोळ्याच्या डाक्टरले आजच दाखवा, उद्यावर नोका टाकू. एवढंच सांगा का नाकाच्या शेंड्यावर फोड हाये, ते समजतेत. काय पाहून राह्यले वर? हाव, लाइन हाये. बल्ब जळून राह्यला ना. लाइन गेलतीच नाही. जा ना भाऊ, बसून काय राह्यले! अन् दार हळू लावा जाताना. वारा आत जाते, त्यांले लागते.