आवतन दिलेला बैल

...अन् वरून डॉक्टर म्हनते, श्वास लंबा घ्या! अरे बावा, घेऊ कसा? तुमाले सांगतो, हाडं जुळले, टाके सुकले, अमरावतीले फोटो काढला त बरगड्याईवरच्या प्लेटा दाराच्या नव्या कडीवानी चमकून राहिल्या! डॉक्टर खूश. "देवमनजी, ऑपरेशन छान झालंय. श्वास लांब घेतला नाही तर छातीत कफ साचेल, न्यूमोनियानं जाल!" घेतला... अन् माह्या बरगडीतून आवाज आला, फुस्स! बैलाचा!

हासू नका. मागच्या पोळ्याची गोष्ट. आदल्या दिवशी खांदे मळाचे असते ना? माह्या बैलाच्या, चांद्याच्या खांद्याले तूप-हळद लावली, कानात म्हनलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेवढ्यात मांगं कोन्या दिवट्यानं फटाका फोडला! चांद्यानं मुंडकं फिरवलं, ते सरकं माह्या छातीत! मले नेलं दवाखान्यात, अन् इकडं माहा साळा नत्थुजी, "मारका झाला, ठेवू नका!" म्हनत बैल घेऊन गेला अकोल्याकडं, आपल्या वावरात. पोळ्याच्या आंधी! तिथं चांद्यानं काडीले तोंड लावलं नाई. गेला बिचारा.

माही बायको कौशल्या म्हने, "आवतन देऊन पाहुना उपाशी धाडला तुमी! थो जेवल्याबिगर जाईन कसा?" मी भेलो, खोटं काहून सांगू? थोडा थोडा श्वास घेऊन जगत होतो. छातीत घरघर सुरू झाली. अन् डॉक्टर म्हनते, श्वास लंबा घ्या!

मंग या पोळ्याले, भरदुपारी, पुरनपोळीचं ताट घेऊन रिकाम्या गोठ्यात गेलो. आतून कडी लावली, ताट गव्हानीत ठेवलं. "चांद्या, चुकलं बाप्पा. जेव." पाठ फिरवली... अन् घंटी वाजली! चांद्याची घंटी त घरात खुंटीले! वळून पाह्यलं, ताट साफ. वरून ओलं. कुत्रं असन म्हनता? कडी लावेल होती ना राजेहो!

तवापासून छाती भरते. डॉक्टर म्हनते, "कमाल आहे! एवढा लांब श्वास तर माझाही नाही!" पन जेवला म्हनून थो गेला असन, असं वाटते तुमाले? कायचा जाते! माहं जेवन झालं का डाव्या बरगडीत रवंथ सुरू होते... हळू हळू, मजेत. मी आपला भिंतीले टेकून बसून राहतो. काय करू? पाहुन्याले ऊठ कसं म्हनाव?