साक्षीतलं एक वाक्य

(विधिमंडळाच्या समितीची सुनावणी नुकतीच संपली आहे. दालनाबाहेरच्या बाकावर पन्नाशी उलटलेले नवरा-बायको.)

नवरा : तो असं म्हणालाच नव्हता.

बायको : हळू बोला. दार उघडं आहे.

नवरा : असू दे उघडं. ‘आई, आज दुसरा दोर दिला नाहीये, पण उतरावं तर लागणार.’ कुठून आणलंस हे?

बायको : दिला नव्हताच ना दोर?

नवरा : नव्हता. पण ते आपल्याला पंचनाम्यात कळलं. सकाळी घरातून निघताना त्याला तरी काय ठाऊक? मी तिथेच दाढी करत होतो. पोरगं दारातून काय बोलून गेलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

बायको : तीन वर्षं खरंच सांगितलं ना मी? काय झालं? पहिल्या वर्षी मधेच घंटी वाजवून बसवलं. गेल्या वर्षी सातांतले दोन सदस्य हजर, त्यातला एक मोबाइलमध्ये डोकं घालून. तुम्ही तुटलेल्या दोराचे फोटो नेलेत, इंजिनियरचा अहवाल नेलात. पाकीट तरी उघडलं कुणी?

नवरा : नाही उघडलं.

बायको : आज अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. कंपनीचा वकीलसुद्धा खाली बघायला लागला. पाहिलंत ना?

नवरा : पाहिलं. हुंदका कुठे द्यायचा, तेही ठरवून आली होतीस तू.

बायको : हुंदका खरा होता.

नवरा : असेल बाई. मला आता ओळखता येत नाही.

कारकून : बरं झालं, आहात अजून. मी समितीचा कारकून. ताई, अध्यक्षांनी पाठवलंय. दुसऱ्या दोराचं कलम घालताहेत ते. उंचावर काचा पुसणाऱ्या प्रत्येकाला दोन दोर, नाहीतर मालकाला कैद.

बायको : खरंच?

कारकून : आत्ताच ठरलं. भाषणात तुमच्या मुलाचं ते वाक्य वाचून दाखवणार आहेत. ही त्याची प्रत. ‘वरील मजकूर खरा आहे’, याच्याखाली आईवडील दोघांची सही लागेल.

नवरा : आणि ते वाक्य काढून टाकलं तर?

कारकून : साहेब, एकोणीस वर्षं मी या दारात आहे. कलमं आधीच ठरून येतात. माणसं बोलून जातात, आम्ही त्यांचे गठ्ठे बांधून माळ्यावर टाकतो. बोलण्याने कलम बदललेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. ते वाक्य गेलं, तर कंपनीवाले संध्याकाळपर्यंत सगळं फिरवतील. वाचून घ्या सावकाश. मी आत थांबतो.

बायको : आत्ता, या घडीला, किती पोरं एका दोरावर लटकत असतील. त्यांच्या आयांना काय सांगू? माझा नवरा फार खरं बोलणारा आहे म्हणून?

नवरा : कळतं गं मला. म्हणूनच तळपायाची आग मस्तकात जाते. आपलं पोर चौदाव्या मजल्यावरून पडलं, तेवढं यांना पुरलं नाही. खऱ्याने ढिम्म हलले नाहीत, आणि रचलेल्या एका ओळीवर डोळे पुसतात. आण ते पेन.

बायको : सही करताय?

नवरा : केली. घे, तुझीही कर. लाज वाटते मला. यांची वाटते, माझी वाटते. थोडी तुझीही.

बायको : अहो…

नवरा : आता काय?

बायको : तो खरं काय म्हणाला होता?

नवरा : म्हणजे?

बायको : महिनाभर आरशासमोर घोकलं हो मी ते वाक्य. आता आठवायला गेले की तेच ऐकू येतं, त्याच्याच आवाजात. तुम्हाला आठवतंय ना? सांगा.

नवरा : नाही सांगणार.

बायको : असं काय करता?

नवरा : सांगितलं, तर कधीतरी तेही कुठेतरी बोलून येशील. तेवढं एक राहू दे माझ्यापाशी.