कागदाला भोक पाडायची गरज

...नाही, पण मला एक सांगा, मीच का? तिसऱ्या मजल्यावरच्या क्लाउसला का नाही? तुम्हाला सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे, आईशप्पत... म्हणजे क्लाउस दुसऱ्या मजल्यावर राहतो, पण बाकी शब्द न् शब्द! इथे जर्मनीत, आमच्या वाल्डॉर्फ गावात कुणालाही विचारा. नको, विचारू नका.

तर माझ्याकडे एक पिस्तूल. एकच! नेमबाजीच्या खेळातलं. नऊ वर्षं मी शुट्सेनफेराइनचा, म्हणजे गावच्या नेमबाजी क्लबचा मेंबर. पंचवीस मीटरवर कागद टांगायचा, त्याला भोकं पाडायची, बटाट्याचं सॅलड खायचं, घरी यायचं. आमच्या मीनलनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अहो, पण गरज काय?" लेक अन्वी, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमधून, "पापा, वोत्सू?" म्हणजे तेच! आणि इथला कायदाही तेच विचारतो हो! गरज काय? सिद्ध करा! तीन महिन्यांतून एकदा तरी, नाहीतर वर्षातून सहादा भोकं पाडलीत? वहीत सही आहे? मग तुम्हाला गरज आहे. पाचदा? मग नाही.

माझी पाच भरली. जानेवारी ते मार्च कोरे. बाबा पुण्यात आयसीयूत होते, मग नव्हते, मग तेरावं... असो.

आणि क्लाउस? सात बंदुका! शिकारी ना तो, परवाना दाखवला की गरज गृहीत! गेल्या वर्षी मारलं काय, तर एक रानडुक्कर, तेही गाडीखाली. ऑटोबानवर दोनशे तीसनं सुटलेल्याला कुणी विचारतं, गरज काय? एकतीस डिसेंबरला अख्खं गाव रॉकेटं सोडतं आणि दिवाळीत मी अंगणात एक, एक फुलबाजी लावली तर तळमजल्याच्या आजीबाई खिडकीतून, "हेर टिपणीस, हे हवंच होतं का?" आमच्या घरात कुकर चार आहेत. मी मीनलला विचारलं का, गरज काय? विचारलं एकदा. परत नाही विचारलं.

मग परवान्याच्या ऑफिसातून पत्र. गेलो. फ्राऊ बाउमान, चष्मा नाकाच्या टोकावर. "पाचच, हेर टिपणीस?" म्हटलं, वडील गेले. "हो, पण सहा लागतात." मग मात्र मी टेबलावर मूठ आपटली! "अहो बाई, त्याला सात आणि मला एक नाही?" रांगेतली माणसं उठून उभी राहिली, एकानं टाळ्या वाजवल्या, पोलिसानं टोपी काढली! आणि ही बाई थंडपणे, "आल्झो, तर मग, गरज काय?"

पिस्तूल परवानेवाल्या दुकानदाराला देऊन आलो. आता वाईट वाटेल म्हणून वाट बघितली. बसमध्ये बघितली, घरी येऊन बघितली. काही नाही. बाबांच्या वेळीही असंच... वाट बघत बघत दाढी केली होती.

राहिली तिजोरी. एकशे ऐंशी किलो, नियमाप्रमाणे! क्लाउसनंच हात लावला होता वर चढवायला, आता खाली कोण नेणार? मीनल त्यात चकल्या ठेवते. म्हणते, मऊ पडत नाहीत.

बरं, सांगून टाकतो. मूठ, टाळ्या, टोपी, सगळं माझ्या मनचं. फ्राऊ बाउमान तसं काही म्हणाल्याच नाहीत. त्यांनी आधी विचारलं, आई कशी आहे. मग एक फॉर्म पुढे सरकवला, "घरात मृत्यू झाला असेल तर विचार करता येतो. फक्त कारण लिहा, दोन ओळी." दोनच ओळींची जागा होती हो. पेन धरून वीस मिनिटं बसलो. बाबांवर दोन ओळी! शेवटी लिहिलं, "गरज नाही." त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला.

चकल्या मात्र खऱ्या आहेत. दिल्या असत्या तुम्हाला, पण मीनलनं तिजोरीचा कोड बदललाय. विचारलं, तर म्हणाली, तुम्हाला कळायची गरज काय?