राखणदाराची बाटली

...नाही पण मला एक सांगा, आणलेल्या चार बाटल्यांच्या पाच होतातच कशा? व्यायल्या काय त्या? आणि आम्ही काय शुद्धीवर नव्हतो? होतो हो! पोटात थेंब नव्हता तेव्हाची गोष्ट सांगतोय! मी भित्रा माणूस नाही, तुम्हाला सांगतो, पण तेव्हापासून घरात कुठलीही बाटली दिसली ना, अगदी खोबरेल तेलाची का असेना, मी आधी दोन पावलं मागे सरतो...

आणि हे सगळं कुणामुळे? स्वप्नीलमुळे! आमचा शाळेपासूनचा दोस्त. केरीच्या हॉटेलात वेटर होता तोवर बरा होता, वेटरांचा कॅप्टन झाला आणि त्याच्या नाकाला शिंगं फुटली. म्हणे, "परेश, स्वस्तातल्या तांबड्या वाइन्स आणूया, कागदात गुंडाळूया आणि नाव न बघता गुण देऊया." आता आई आणि माझी बायको समीक्षा चोपड्याला बारशाला गेलेल्या, सर्वणचं अख्खं घर मला मोकळं, रविवारची दुपार... म्हटलं ये बाबा! बाटल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवल्या आणि गुंडाळायचं काम दिलं प्रज्योतला. हा आमचा शेजारी. सांगितलेलं काम इतक्या मनापासून करतो की थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही. टेबलावर काचेचं जे जे उभं दिसलं ते ते त्याने गुंडाळलं! व्हिनेगर फ्रीजमध्ये होतं म्हणून वाचलं.

बसलो. स्वप्नीलने पेला फिरवला, हुंगला, डोळे मिटले... "हिच्यात ओल्या मातीचा वास आहे." प्रज्योत म्हणतो, "मातीच जाय तर बाटली कित्याक? भायर शेत आसा मरे!" दुसरी तोंडात घेतली तर जांभळाची साल चावल्यासारखी जीभ आखडली. तिसरीला म्हणे चामड्याचा वास. चामड्याचा! मग दारातली चप्पल काय वाईट होती? वर आणि सांगतो काय, "घोट गिळायचा नाही, थुंकायचा असतो." प्रज्योत ताडकन उभा! "थुकपाची? गोंयांत जल्म घेवन थुकपाची?" चौथीला तर कुणी नावच ठेवलं नाही, नाव ठेवायलासुद्धा काही चव लागते.

आणि मग पाचवी... अहाहा! गोड, दाट, घशातून अलगद उतरते आहे! स्वप्नील हुंगायचं विसरला, प्रज्योत बोलायचं विसरला, आणि बघता बघता बाटलीचा तळ दिसला. पैकीच्या पैकी गुण! "काढ कागद," मी म्हटलं.

प्रज्योतने कागद काढला... आणि बाटलीला पिंजर! कुंकू हो, कुंकू! आईच्या बोटांनी लावलेलं!

मी भित्रा माणूस नाही, पण ती बाटली कुणाची होती ठाऊक आहे? आमच्या पोफळीच्या कुळागराची राखण करणाऱ्या देवाची, राखणदाराची! दोन महिन्यांपूर्वी डिचोलीच्या वाटेवर खनिजाच्या ट्रकने मला कट मारला, स्कूटर खाली व्हाळाच्या पाण्यात आणि मी वर गवतात, अंगावर ओरखडा नाही. त्याच संध्याकाळी आईने आंब्याखालच्या धोंड्यासमोर पदर पसरला. म्हणाली, फेणी सगळेच देतात, माझा पोर वाचला, मी तुला चांगली तांबडी वाइन देईन. ती ही! सोमवारी सकाळी रोट, विडी आणि ही बाटली द्यायची होती. म्हणजे ज्याने मला मरणातून ओढून काढलं, त्याचीच बाटली मी पिऊन बसलो, आणि वर तिला गुण दिले!

तेवढ्यात पंखा बंद पडला. लाइट जाते हो आमच्याकडे, रोज जाते, पण तेव्हाच जायची काय गरज होती? स्वप्नील म्हणाला, "हॅ, अंधश्रद्धा!" आणि म्हणता म्हणता बूट उलटे घालून दारापर्यंत पोचलासुद्धा. त्याची मोटरसायकल चालू होईना. हा एवढा शिकलेला माणूस दारातूनच हात जोडून ओरडला, "म्हाराजा, म्हजी चूक ना, प्रज्योतान गुंडाळ्ळी!"

शेवटी बारवर धावलो, तश्शीच बाटली आणली, तिला पिंजर लावली, टेबलावर ठेवली. आई आली, काही कळलं नाही. रात्रभर मी कुशी बदलतोय. आईला कळलं नाही हो... पण त्याला?

सोमवारी सकाळी आंब्याखाली सगळे जमलो. ते दोघेही आले, भक्तीने नव्हे, घरी एकटं बसायची छाती नव्हती म्हणून! आमचे गोकुळदासमामा देवापुढे गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. "बा राखणदारा, ह्या लेकराक तुवें वाचयलो..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "जाणत्या-नेणत्यान कोणाकडसून कसली चूक जाली आसत..." व्हय म्हाराजा! आणि मामा हे म्हणताना बघत होते नेमके माझ्याकडे. आता मामांचा एक डोळा जरा तिरका आहे, ते कुणाकडेही बघत असतील, पण त्याच क्षणाला माडाची झावळी माझ्या मागे धाडकन पडली आणि मी किंचाळलो, "प्यालो! तुझी बाटली मीच प्यालो! आम्ही तिघे प्यालो!" प्रज्योत म्हणतो, "म्हाराजा, म्हजे फकत दोन पेले!"

मामांच्या हातातला रोट तसाच. मी भित्रा माणूस नाही, पण तेव्हा आईकडे मान वर करून बघवेना. ती जवळ आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पुता, ज्यान तुका वाचयलो, तो एका बाटलेखातीर तुका मारतलो?" खरं सांगतो, रडूच कोसळलं मला. एवढा मोठा माणूस मी, आईच्या खांद्यावर हुंदके देतोय! दोन महिने त्या ट्रकची जी भीती आत दडून बसली होती ना, ती सगळी तिथे वाहून गेली. वाटलं, सुटलो.

सुटलो कसला! आईने डोळे पुसले आणि धोंड्याकडे वळली. "पूण म्हाराजा, हाचेर नजर दवर! परत हाणें वायनीक तोंड लायलें जाल्यार तूंच पळय!" म्हणजे मी पुन्हा वाइनला शिवलो तर राखणदारानेच मला बघून घ्यायचं! आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने कोण? स्वप्नील!

आता ते दोघे दर रविवारी बसतात. मलाही बोलावतात, मी जातो, दोस्त आहेत शेवटी. पहिल्या रविवारी मी आपलं कोकमाचं सरबत घेतलं. पेला तोंडाशी नेला आणि हात थांबला... तांबडं की हो ते! लांबून बघणाऱ्याला काय कळणार?

तेव्हापासून मी दूध पितो.