कोरडी भिंत

सून : डबाच खराब निघाला असेल ना, मिस्त्री? तेवढं सांगा फक्त. दुकानदार म्हणाला होता, भेगेत हा फोम फुगला की काँक्रीटला असा धरतो की सुरीने कापून काढावा लागतो. आणि इथे तीन दिवसांत सुटला.

मिस्त्री : सुटला नाही, ताई. बोट लावून बघा. बाजूच्या भिंतीला घट्ट आहे?

सून : आहे.

मिस्त्री : आता मागच्या, टेकडीकडच्या भिंतीकडून बघा.

सून : इथे... इथे नख जातंय आत.

मिस्त्री : फोम जागच्या जागी आहे. भिंत त्याला सोडून पुढे आलीय.

सून : पुढे म्हणजे घराकडे?

सासू : मिस्त्री, जरा बेतानं सांगा हो. हिला तुम्ही वीतभर सांगितलंत, तर ही हातभर घाबरते.

मिस्त्री : भेग पहिल्यांदा कधी दिसली?

सून : सोमवारी सकाळी. कोपऱ्यात, वरून खाली आली होती, दोऱ्याएवढी. त्याच दिवशी मी फोम भरला. ही पेन्सिलीची रेघ बघा, सोमवारी इथपर्यंत होती. ही मंगळवारची. ही कालची. आणि आज सकाळी इथे, चार बोटं अजून खाली.

सासू : भिंतीवर तारखा घालते. लोक मुलाची उंची मांडतात, आमच्याकडे भेगेची मांडलीय.

मिस्त्री : मांडली ते फार बरं झालं, आजी. पाऊस कधीपासून लागलाय इकडे?

सासू : रविवारपासून. आज सकाळी उघडला जरा.

मिस्त्री : मग चार दिवसांत ह्या भिंतीतून पाणी किती आलं अंगणात?

सून : काहीच नाही. एक थेंब नाही. तेच तर मला बरं वाटत होतं, की निदान अंगण कोरडं राहिलं. बाळ रांगतो ना इथे.

सासू : दरवर्षी इथे नुसता पाट वाहतो. मला वाटलं, वरच्या बाजूला कुणीतरी गटार काढलं शेवटी.

मिस्त्री : ताई, ही भिंत मी ओतलीय. तुमचे यजमान तेव्हा दप्तर घेऊन इथून पळायचे. मागे सगळी टेकडीची माती आहे. ओततानाच मी भिंतीत नळ्या ठेवल्या होत्या, पाणी बाहेर पडायला. मला एकही दिसत नाहीय.

सून : ती छिद्रं होय.

मिस्त्री : हो, ती.

सून : ती बुजवलीत.

मिस्त्री : कुणी?

सून : मी. दोन आठवडे झाले. फोमच भरला. मग फुगलेला भाग कापून सारखा केला आणि वर भिंतीचा रंग दिला, म्हणून दिसत नाहीत. मला वाटलं, काम करताना कुणीतरी अर्धवट सोडलेली भोकं आहेत.

सासू : भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या सूनबाईंनी त्यांत बोळे घातले.

सून : आई, प्लीज. त्यातून गोम निघाली होती. ही एवढी. त्याच्या सतरंजीवर होती, त्याच्या हातापासून वीतभर. तो दिसेल ते तोंडात घालतो. मी काय करायला हवं होतं?

मिस्त्री : बाळ कुठे आहे आत्ता?

सून : झोपलाय.

मिस्त्री : कुठल्या खोलीत?

सून : मागच्या. ही खिडकी त्याचीच.

मिस्त्री : उचला त्याला.

सून : पडणार आहे का ती? मिस्त्री, खरं सांगा, पडणार आहे?

मिस्त्री : ते मला माहीत नाही. भिंतीमागे चार दिवसांचं पाणी कोंडलंय, एवढं माहीत आहे. आधी उचला.

सासू : तू थांब. मिस्त्रींना काय हवं ते दे. मी उचलते आणि समोरच्या बाईंकडे जाऊन बसते. दुपटं कुठलं, ते पिवळंच ना?

सून : पिवळं. आणि आई, झोपेत त्याची मान...

सासू : मानेचं मला शिकवू नकोस. तुझ्या नवऱ्याची मान मीच धरलीय.

सून : ह्यांना फोन करू का?

सासू : कर मग सावकाश. तो तिकडून काय भिंतीला हात लावून उभा राहणार आहे?

मिस्त्री : ताई, तुम्ही पण त्या दारात उभ्या राहा, अंगणात नको. माझ्यासमोर कुणी यायचं नाही. मी कडेला राहून एकेक मोकळं करतो. दोन ओळी होत्या, आठ खाली, आठ वर. जागा अंदाजानं शोधावी लागणार.

सून : अंदाज कशाला? मी वहीत लिहिलंय. कोपऱ्यापासून किती अंतरावर, जमिनीपासून किती वर. प्रत्येकाला नंबर आहे. पण सोळा नाहीत, मिस्त्री. सतरा आहेत.

मिस्त्री : सोळाच. मी ठेवलेत ना.

सून : सतरा आहेत. मी तीन वेळा मोजलेत. बुजवताना एखादं राहिलं तर, म्हणून.

मिस्त्री : बरं. पहिलं सांगा.

सून : खालची ओळ, कोपऱ्यापासून दोन हात. जमिनीपासून एक वीत.

(मिस्त्री भिंतीच्या कडेला बसून रंगाखालचा फोम कापतो आणि आत लांब सळई घालतो.)

सून : आलं?

मिस्त्री : थांबा. आतपर्यंत फुगून बसलाय. माल एकदम चांगला होता तुमचा, उगाच दुकानदाराला नावं ठेवलीत.

सून : आलं का?

मिस्त्री : आलं. बाजूला राहा, जोर आहे.

सून : हे किती गढूळ आहे. हे सगळं त्याच्या खोलीमागे होतं?

मिस्त्री : दुसरं सांगा.

सून : तिथून पुढे दोन हात. तेवढ्याच उंचीवर. मिस्त्री, मी डब्यावरच्या सगळ्या सूचना वाचल्या होत्या. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, मुलांपासून दूर ठेवा. सगळं केलं. भोक कशाचं आहे ते आधी विचारा, असं कुठे लिहिलं नव्हतं.

मिस्त्री : तिसरं.

सून : धुण्याच्या दगडाच्या डावीकडे. तुम्ही बोलत का नाही काही?

मिस्त्री : पाण्याचा आवाज ऐकतोय. तुम्ही वाचत राहा.

(एकेक नळी मोकळी होत जाते; बऱ्याच वेळाने सासू एकटीच परत येते.)

सासू : अजून चालूच आहे होय? अगं बाई, केवढा लोट हा. मी रस्त्यावरून ऐकलं.

सून : तुम्ही परत कशाला आलात? तो कुणाकडे आहे?

सासू : समोरच्या बाईंच्या मांडीवर. जागासुद्धा झाला नाही. कितवं चाललंय?

मिस्त्री : सोळावं झालं, आजी. घ्या ताई, वरची ओळ संपली.

सून : सतरावं राहिलं. पाण्याच्या टाकीमागे. अगदी जमिनीलगत, बाकीच्यांपेक्षा मोठं. त्याला मला अख्खा एक डबा लागला होता.

मिस्त्री : तिथे मी काही ठेवलेलं नाही.

सासू : ठेवलं नव्हतंत, नंतर पाडलंत. आमच्या ह्यांनी तुम्हाला परत बोलावलं होतं, आठवतंय? म्हणाले, सगळं पाणी शेवटी त्याच कोपऱ्यात जमतं. तेव्हा टाकी नव्हती तिथे.

मिस्त्री : हां... बरोबर. मोठ्या पहारीनं पाडलं होतं. विसरलोच होतो की मी. तसाच घरी गेलो असतो. मागे सरा दोघी. अजून मागे.

सून : बाकी सोळांतून मिळून एवढं आलं नसेल.

सासू : माझी चप्पल चालली बघ.

सून : जाऊ दे हो ती चप्पल.

मिस्त्री : आता ऐका. उद्या सकाळी इंजिनियर बोलवा, मी नाव देतो. भिंतीचं पुढे काय करायचं ते तो सांगेल, माझा शब्द शेवटचा नाही. तोवर मागच्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

सून : मी तर म्हणते, ह्या घरातच नको झोपायला.

सासू : समोरच्या बाई ठेवून घेतात म्हणाल्या. मी विचारूनच आलेय.

सून : तुम्ही विचारलंत?

सासू : मग काय, तू एकटीच घाबरतेस का?

सून : मिस्त्री, आणि गोम?

मिस्त्री : नळीच्या तोंडावर बारीक जाळी बसते. पाणी जातं, गोम येत नाही. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सून : एवढंच?

मिस्त्री : एवढंच. त्या कोपऱ्यात आजची रेघ मारून घ्या. आता ह्या वेळेची. रेघेच्या खाली भेग गेली नाही, तर चांगलं.

सून : आणि गेली तर?

मिस्त्री : तर आत पाऊल टाकायचं नाही, आणि मला फोन करायचा. कितीही वाजलेले असोत.

सून : मी दर तासाला येऊन बघीन. लांबूनच, दारातून.

सासू : तू बाळाजवळ राहा. पहाटे तुझ्याआधी मी उठते. जरा माझा चष्मा दे, आणि भेग नक्की कुठे संपते ते मला एकदा नीट दाखवून ठेव.