आपल्यातली पहिली

(शायलो ग्रोव्ह चर्चचं तळघर. फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे तीन. लांब टेबलाभोवती तिघंजण: चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, लुशियस; शाळेत शिकवणारी कोरिन; आणि मिस वर्डेल.)

लुशियस — ‘आपल्यातले पहिले’च्या या यादीतून आजवर एकच नाव खोडलंय मिस वर्डेल, बेनी टकरचं. टपाल वाटणारा आपल्यातला पहिला म्हणून सहा वर्षं उभा राहिला. मग कळलं, पहिला त्याचा जुळा भाऊ होता.

वर्डेल — मग आता दुसरं खोड. माझं.

कोरिन — मिस वर्डेल, आज नको ना. पाच वाजता ओतारी दुकान बंद करतो. त्याच्या आत मला पाटीचा मजकूर पाठवायचाय. ‘वर्डेल इन्मन, या गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय ऑपरेटर, १९६६.’ एवढ्या एका ओळीसाठी मी काउंटीच्या कचेरीत अकरा खेपा घातल्यात.

वर्डेल — तुझ्या खेपा वाया गेल्या, त्याचं मला वाईट वाटतं.

कोरिन — तुम्हाला पाटी नकोय का? की हा सगळा प्रकारच नकोय? तसं असेल तर मी तुमच्याच बाजूची आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी डीकननी नावं पुकारायची, माणसांनी उठून उभं राहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. चाळीस वर्षं हेच चाललंय. वर्गातली पोरं जांभया देतात. गेल्या वर्षी मिस्टर ओटिस कशासाठी उभे राहिले, आठवतंय?

लुशियस — सीडर स्ट्रीटवर बसून चालवायचं गवतकापणी यंत्र घेणारे आपल्यातले पहिले.

कोरिन — डीकन, हा इतिहास आहे?

लुशियस — दोन साक्षीदार होते.

कोरिन — दोघंही शेजारी.

लुशियस — मग गवत काय परगावच्यांनी बघायचं?

कोरिन — आणि रॉस्को ग्रीर. ग्रंथालयातून घरी पुस्तक नेणारे पहिले.

लुशियस — ती मोठी गोष्ट होती पोरी. तू तेव्हा नव्हतीस.

कोरिन — मोठी होती, मान्य. पण गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, त्यांनी ते परत केलं का?

लुशियस — त्याची नोंद नाही.

कोरिन — माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाला वर्षातला एक महिना, तोही सगळ्यांत आखूड. त्यात त्याच चार थोरांची चित्रं भिंतीवर, तेच नाटुकलं, तेच भाषण. एक मार्चला चित्रं खाली उतरतात आणि माझ्या वर्गात पुन्हा दुसऱ्यांचा इतिहास सुरू. त्यापेक्षा महिना बंद करा आणि बारा महिने शिकवा.

वर्डेल — बारा महिने केलं की कुणी करणार नाही.

कोरिन — का नाही?

वर्डेल — कचऱ्याची गाडी बारा महिने येते. तिच्यासाठी कुणी उभं राहतं का? आणि आखूड म्हणून कुरकुरू नकोस. माझ्या लहानपणी आठवडाच होता. त्यातही बुधवारी पाऊस आला की शाळा सुटायची.

लुशियस — हे मात्र खरं.

वर्डेल — मला महिन्याशी भांडण नाही, पाटीशी नाही, ओटिसच्या यंत्राशी तर मुळीच नाही. मी पहिली नव्हते, एवढंच म्हणते आहे.

कोरिन — म्हणजे?

वर्डेल — माझ्या आधी ओडेसा होती.

कोरिन — कोण ओडेसा? आपल्या मिस ओडेसा क्रू? तिसऱ्या बाकावर बसतात त्या? सगळ्यांसाठी गोड पीच कॉबलर करून आणतात त्या?

वर्डेल — गावात दुसरी ओडेसा असेल तर मला माहीत नाही.

कोरिन — पण त्या तर तुमचं नाव पुकारलं की सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवतात.

वर्डेल — एक्केचाळीस वर्षं.

कोरिन — डीकन, तुम्ही ऐकताय ना हे?

लुशियस — मी ऐकतोय.

वर्डेल — जून महिना होता. ओडेसा सव्वीस वर्षांची. लोकांच्या इस्त्रीचे कपडे सोडून एक्स्चेंजच्या बोर्डावर, भोकांत तारा खोचून फोन जोडायला, जाऊन बसली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी पुन्हा इस्त्री. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनहून कुणीतरी, काळ्यांना नोकऱ्या देतात का ते तपासायला येणार म्हणून त्यांना घाईनं एक काळी मुलगी हवी झाली, आणि मला घेतलं. मी बावीसची. बोर्ड म्हणजे काय तेही मला ठाऊक नव्हतं.

कोरिन — मग शिकवलं कुणी?

वर्डेल — तिनंच. टोपीच्या खोक्याचं झाकण घेतलं, त्याला भोकं पाडली, नवऱ्याच्या बुटांच्या नाड्या काढल्या, आणि माझ्या आईच्या टेबलावर तीन रात्री बसून मला शिकवलं. ही नाडी इथे, ती तिथे. चुकलं की बोटांवर चमचा मारायची. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा पर्यवेक्षक बाई म्हणाली, ही तर जन्मतःच शिकून आलीय.

कोरिन — आणि तुम्ही इतकी वर्षं कुणाला काही बोलला नाहीत?

वर्डेल — तिनं शपथ घातली होती. म्हणाली, कुणी विचारलं तर तूच पहिली. आधी एक होती आणि तिला काढलं, हे बोलून दाखवलंस तर तुला काढायला त्यांना वाट तयारच आहे.

कोरिन — मग यात तुमचा काय दोष? शब्द पाळलात.

वर्डेल — पहिली पाच वर्षं शब्द पाळला. मग मी कायम झाले, मला काढणारं कुणी उरलं नाही. पुढे एक्स्चेंजच बंद पडलं, आणि मग लुशियसनं ही यादी काढली. पहिल्या वर्षी नाव पुकारलं तेव्हाच उठून सांगता आलं असतं. मला टाळ्या आवडल्या, कोरिन. फार आवडल्या. दर फेब्रुवारीला नवी हॅट घ्यायचे मी.

लुशियस — जांभळी चांगली होती.

वर्डेल — ती तिसऱ्या बाकावरून माझ्याकडे बघून हसायची आणि मी हॅट सावरायचे. याची लाज वाटते मला. आता पितळेत ओतलं की आपण सगळे मेल्यावरही ते खोटं तिथे राहणार. म्हणून खोड.

कोरिन — ठीक आहे. मग मिस ओडेसांचं नाव घालू. डीकन, लिहा.

लुशियस — दोन साक्षीदार लागतात.

कोरिन — डीकन.

लुशियस — नियम आहे. ज्याचं नाव, तो साक्षीदार चालत नाही. मिस वर्डेल एक झाल्या. दुसरा कोण?

कोरिन — छप्पन्न वर्षांपूर्वीच्या अकरा दिवसांना मी आता दोन तासांत साक्षीदार कुठून आणू? हा नियम केला कुणी?

लुशियस — मी.

वर्डेल — का केलास, तेही सांगून टाक तिला.

लुशियस — मिस वर्डेल, राहू दे.

वर्डेल — राहू देऊन देऊन छप्पन्न वर्षं झाली.

लुशियस — मला वाटायचं, कधीतरी कुणीतरी ओडेसाचं नाव घेऊन येईल, साक्षीदार मागेल, आणि मग मला बोलावंच लागेल. कुणी आलंच नाही. ओटिसचं यंत्र आलं.

कोरिन — म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

लुशियस — सगळ्यांना माहीत आहे, पोरी. या चर्चमध्ये सत्तरीच्या पुढे जो जो आहे त्याला.

कोरिन — मग कुणी कधीच कसं बोललं नाही? तिला काढलं गोऱ्यांनी. त्यात आपण का तोंड लपवायचं?

लुशियस — तेव्हा डायल नव्हती. रिसीव्हर उचलला की थेट ऑपरेटरचा आवाज यायचा. ‘नंबर सांगा, प्लीज.’ सोमवारी ओडेसा बसली आणि मंगळवारपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं की तारेवर आपली बाई आहे. ज्यांच्याकडे फोन होता ते उचलायचे. ज्यांच्याकडे नव्हता ते फोनवाल्यांच्या दारात रांग लावायचे.

कोरिन — कशाला?

लुशियस — ऐकायला.

कोरिन — नुसतं?

लुशियस — गोऱ्या माणसाला ती जसं ‘प्लीज’ म्हणायची तसंच आपल्यालाही म्हणायची. तुला यात काही वाटणार नाही. तोवर त्या तारेवरून मला कुणी ‘प्लीज’ म्हटलं नव्हतं. मी चौदा वर्षांचा होतो. औषधांच्या दुकानामागच्या फोनवरून एका दिवसात नऊ वेळा ऐकलं. आजी म्हणायची, ‘मला दे, मला दे.’ तिला ऐकूही येत नव्हतं, तरी कानाला लावून बसली.

वर्डेल — पाद्रीबुवांनीही केला होता.

लुशियस — दोनदा. दुसऱ्या आठवड्यात बोर्डावर सगळे दिवे पेटलेले असायचे आणि नंबर कुणालाच नको असायचा. गावातल्या लोकांना फोन लागेना. कुणाच्या तरी घरी डॉक्टरची गरज पडली, लागला नाही. म्हातारा वाचला, पण तक्रार गेली. त्यांना निमित्तच हवं होतं. ते आपण ताटात वाढून दिलं.

कोरिन — म्हणजे कौतुकानं घालवली तिची नोकरी.

लुशियस — शाळेत शिकवायला हे वाक्य बरं आहे. मला ते एवढ्या सोप्यात म्हणता येत नाही.

वर्डेल — मी लागले तेव्हा पाद्रीबुवांनी वेदीवरून बजावलं, ‘वर्डेल तारेवर असताना कुणी फोनला हात लावायचा नाही.’ वर्षभर आपल्यातल्या कुणी नाही लावला. बाळंतपण असलं तरी पायी जाऊन सुईणीला आणायचे. माझी आईसुद्धा कधी बोलली नाही. दिवसभर मी अख्ख्या गावाशी बोलत होते आणि त्यात माझं माणूस एकही नव्हतं.

कोरिन — हे मला कुणी सांगितलं नाही. अकरा वर्षं मी हा कार्यक्रम बसवते आहे.

लुशियस — तू दर वर्षी भिंतीवरच्या चौघांबद्दल विचारायचीस.

कोरिन — हो. ते खरं आहे.

वर्डेल — तिला बोलू नकोस, लुशियस. विचारलं असतं तरी आपण कॉबलर पुढे केलं असतं.

कोरिन — साडेतीन झाले. पाटीवर काय घालू?

वर्डेल — ‘ओडेसा क्रू, पहिली. अकरा दिवस.’

लुशियस — अकरा दिवसांची पितळी पाटी?

वर्डेल — आपण तिला तेवढेच दिले.

कोरिन — आणि खाली तुमचं नाव. चौदा वर्षं काम केलंत तुम्ही.

वर्डेल — दुसरीचं नाव कुणी लिहीत नाही.

कोरिन — मी लिहीन. पाटी माझ्या हातात आहे, डीकनच्या नाही. पण मिस ओडेसांना विचारायला नको का? त्यांना हे सगळं उकरलेलं चालेल?

वर्डेल — सकाळी जाऊन आले. एक्केचाळीस हॅटा मनात मोजत गेले. सांगितलं, की रविवारी तुझं नाव पुकारायचंय. मटार सोलत होती. म्हणाली, ‘उभी राहणार नाही.’

कोरिन — म्हणजे रागावल्या.

वर्डेल — गुडघे. म्हणाली, ‘साठीत विचारलं असतंत तर उठले असते, आता बसूनच ऐकेन.’

लुशियस — आजवर नाव पुकारल्यावर कुणी बसून राहिलेलं नाही.

कोरिन — डीकन, आता जर तुम्ही नियम काढलात ना...

लुशियस — पुरं ऐक तर. ती बसेल. तिच्या ऐवजी ज्यांनी ज्यांनी त्या अकरा दिवसांत तिला उगीच फोन केला, ते उभे राहतील. नाव पुकारायचं एकच, तिचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत.

कोरिन — लोक उभे राहतील?

लुशियस — मी राहीन. आधी मीच. मग बाकीच्यांना बसून राहणं जमणार नाही. गेली ती नोकरी माझ्या नऊ फोनांनी गेली, असं मी चौदाव्या वर्षापासून धरून चाललोय. वीस लोकांत उभं राहून ते जरा हलकं झालं तर झालं.

कोरिन — मिस वर्डेल, तुमच्या शेजारी त्यांची खुर्ची ठेवू? त्या बसतील, तुम्ही बाजूला बसा. दोघींचा फोटो घेता येईल.

वर्डेल — मला बसता येणार नाही.

कोरिन — का? तुम्ही तर साक्षीदार.

वर्डेल — लुशियस, तुझ्या नऊ फोनांनी काही झालं नाही. अकराव्या दिवशी सकाळी मी रिसीव्हर उचलला. ती म्हणाली, ‘नंबर सांगा, प्लीज.’ मी म्हटलं, ‘नंबर नाही गं, नुसतं ऐकायचं होतं.’ ती हसली. तेवढ्यात तिच्या मागून एक बाई म्हणाली, ‘ओडेसा, हेडफोन काढून ठेव.’